ओएसपीएफमधले स्टब आणि एनएसएसए एरिया : कुठे कुठला लावायचा आणि चालू नेटवर्कवर लावताना काय सांभाळायचं

ब्रांचच्या राउटरवर लॉगिन करून शो आयपी रूट मारलं आणि स्पेसबार दाबून दाबून कंटाळा आला तरी लिस्ट संपत नाही, असं होत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. त्या राउटरला बाहेर जायला लिंक एकच, सगळ्या रूटचा नेक्स्ट हॉप एकच, आणि तरी हेड ऑफिसने बीजीपीतून (बाहेरच्या नेटवर्कशी रूटची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) नाहीतर स्टॅटिकमधून (हाताने लिहिलेले रूट) ओतलेले सगळे रूट तो बिचारा डोक्यावर घेऊन बसलेला असतो. गावातून बाहेर पडायला रस्ता एकच असेल तर चौकात शंभर गावांच्या पाट्या कशाला, "बाकी सगळीकडे इकडून" एवढी एक पाटी पुरते की. ओएसपीएफ म्हणजे राउटर एकमेकांना रूट सांगायला वापरतात तो प्रोटोकॉल, त्यात नेटवर्कचे जे तुकडे करतात ते एरिया, आणि स्टब एरिया म्हणजे ती एक पाटी, दुसरं काही नाही.

जुन्या पुस्तकांत स्टबचा फायदा म्हणून सीपीयू आणि मेमरी वाचते असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही पण आजच्या राउटरला चार-पाच हजार रूटने घाम फुटत नाही. खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो, एक म्हणजे ब्रांचला राउटरऐवजी छोटा लेअर थ्री स्विच बसवलेला असतो आणि त्याचं हार्डवेअर टेबल पटकन भरतं, आणि दुसरं म्हणजे हेड ऑफिसमध्ये एखादी बाहेरची लिंक दिवसभर अप-डाउन करत असेल तर तो गोंधळ ब्रांचपर्यंत पोचतच नाही. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, राउटरवर टायपताना अर्थात नेहमीच्याच स्पेलिंगने, आणि दोन शब्दांमध्ये जिथे डॅश दिसतोय तिथे कमांडमध्येही डॅश आहे. सगळं सिस्को आयओएस धरून लिहिलंय, बाकीच्यांचं शेवटी थोडं सांगतो.

एलएसएची उजळणी, दोन मिनिटांत

एलएसए म्हणजे ओएसपीएफमधले राउटर एकमेकांना माहिती द्यायला पाठवतात ते निरोप. स्टब म्हणजे शेवटी "कुठला एलएसए एरियात येऊ द्यायचा आणि कुठला नाही" एवढाच प्रश्न आहे, त्यामुळे हे डोक्यात असायलाच हवं. टाइप १ प्रत्येक राउटर स्वतःबद्दल सांगतो, टाइप २ इथरनेटसारख्या सेगमेंटचा डीआर (त्या सेगमेंटवर निवडलेला मुख्य राउटर) सांगतो, हे दोन्ही एरियाच्या बाहेर जात नाहीत. टाइप ३ म्हणजे एबीआरने (दोन एरियांच्या सीमेवरच्या राउटरने) एका एरियातले रूट दुसऱ्या एरियाला सांगणं. टाइप ५ म्हणजे ओएसपीएफच्या बाहेरून रीडिस्ट्रिब्यूट करून आणलेले रूट, हे सगळ्या नॉर्मल एरियांमध्ये जसेच्या तसे फिरतात, आणि ते आणणारा राउटर म्हणजे एएसबीआर कुठे बसलाय ते दुसऱ्या एरियाला सांगायला टाइप ४. टाइप ७ फक्त एनएसएसएमध्ये असतो, तो पुढे येईलच.

रूट टेबलमध्ये टाइप ३ वाले ओ आयए म्हणून दिसतात, टाइप ५ वाले ओ ई१ किंवा ओ ई२, आणि टाइप ७ वाले ओ एन१ किंवा ओ एन२.

आता चार प्रकार. साध्या स्टबमध्ये टाइप ५ आणि ४ बंद, टाइप ३ चालू, आणि बाहेरच्या रूटच्या बदल्यात एबीआर एक डिफॉल्ट रूट देतो. टोटली स्टबीमध्ये टाइप ३ सुद्धा बंद, फक्त तो एक डिफॉल्ट आत येतो. एनएसएसए म्हणजे नॉट-सो-स्टबी, यात बाहेरून येणारा टाइप ५ बंदच राहतो पण त्याच एरियातल्या एखाद्या राउटरला स्वतःचे रूट रीडिस्ट्रिब्यूट करायची मुभा असते. आणि टोटली एनएसएसए, म्हणजे तीच मुभा अधिक टाइप ३ बंद.

निवडताना मी दोनच प्रश्न विचारतो. या एरियात कोणी काही रीडिस्ट्रिब्यूट करणार आहे का, आज किंवा येत्या वर्षभरात? हो असेल तर एनएसएसए, नसेल तर स्टब. आणि या एरियातून बाहेर पडायला एबीआर किती? एक असेल तर डोळे झाकून नो-समरी (टाइप ३ बंद करणारा शब्द) लावा, दोन असतील तर थोडा विचार करा, कारण टाइप ३ बंद केल्यावर आतल्या राउटरला कुठल्या एबीआरकडून कुठलं नेटवर्क जवळ पडतं ते कळत नाही, तो डिफॉल्टच्या कॉस्टप्रमाणे डोळे मिटून पॅकेट पाठवणार.

एरिया ० ला, म्हणजे बाकीचे एरिया ज्याला जोडलेले असतात त्या मधल्या एरियाला, स्टब करता येत नाही, आणि स्टब किंवा एनएसएसएमधून व्हर्च्युअल लिंक (एरिया ० ला दुसऱ्या एरियातून जोडायची सोय) नेता येत नाही. तुमच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी कधीकाळी व्हर्च्युअल लिंक टाकून ठेवली असेल (असतेच) तर आधी शो आयपी ओएसपीएफ व्हर्च्युअल-लिंक्स मारून बघा, मग पुढे जा.

उदाहरणाचं नेटवर्क

समजा पुण्यात हेड ऑफिस आहे, तिथे दोन राउटर, पुणे-१ आणि पुणे-२, दोघांमध्ये एरिया ०. पुणे-२ वर इंटरनेट आणि इतर बाहेरच्या लिंक येतात आणि तो त्यातले रूट ओएसपीएफमध्ये ओततो, म्हणजे तो एएसबीआर. पुणे-१ एबीआर आहे. त्याची एक लिंक साताऱ्याला, एरिया १०, पत्ता १०.१०.०.०/३०, पुण्याकडे .१ आणि साताऱ्याकडे .२, साताऱ्याचा लॅन १०.१०.१.०/२४. दुसरी लिंक कोल्हापूरला, एरिया २०, १०.२०.०.०/३०, लॅन १०.२०.१.०/२४, आणि कोल्हापूरच्या राउटरला लूपबॅक (राउटरच्या आतलाच, केबल नसलेला इंटरफेस) १०.२०.२५५.१. कोल्हापूरला एक गोडाऊन आहे आणि तिथल्या व्हेंडरचा वेगळा राउटर आहे जो ओएसपीएफ बोलत नाही, त्याच्यामागे १७२.२०.०.०/१६ आहे, आपल्या राउटरवर त्यासाठी स्टॅटिक रूट आहे. हे सगळं जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजी या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये चार राउटर टाकून अर्ध्या तासात उभं राहतं, प्रॉडक्शनला हात लावायच्या आधी तिथेच करून बघा.

सातारा : स्टब

पुणे-१ वर

राउटर ओएसपीएफ १
एरिया १० स्टब

आणि साताऱ्यावरही अगदी तेच

राउटर ओएसपीएफ १
एरिया १० स्टब

त्या एरियातल्या प्रत्येक राउटरवर ही ओळ हवी, फक्त एबीआरवर लावून चालत नाही. कारण शेजारचे राउटर (नेबर) एकमेकांना ओळखायला जे हॅलो पॅकेट पाठवतात त्यात ऑप्शन्स नावाचं फील्ड असतं, त्यात एक ई-बिट असतो, नॉर्मल एरियात तो १ आणि स्टबमध्ये ०. दोन्ही बाजूंचा ई-बिट जुळला नाही तर समोरचा राउटर ते हॅलो सरळ फेकून देतो, पिंग चालतं, लिंक अप दिसते, हॅलो टायमर १०, डेड ४०, सगळं बरोबर, आणि तरी नेबर येत नाही. अशा वेळी डीबग आयपी ओएसपीएफ हॅलो लावलं की "हॅलो विथ मिसमॅच्ड स्टब/ट्रान्झिट एरिया ऑप्शन बिट" अशी ओळ येते, ती दिसली की शोध संपला, एका बाजूला स्टब लावायचं राहिलंय.

नेबर फुल झाल्यावर, म्हणजे दोन्ही राउटरचं पूर्ण जुळल्यावर, साताऱ्यावर शो आयपी रूट ओएसपीएफ बघा. ओ ई२ वाल्या सगळ्या ओळी गायब, ओ आयए वाल्या आहेत, आणि एक नवीन ओळ :

ओ*आयए ०.०.०.०/० [११०/२] व्हाया १०.१०.०.१

यातला ११० म्हणजे ओएसपीएफचा डिस्टन्स आणि २ म्हणजे कॉस्ट, त्यात १ एबीआरने डिफॉल्टला लावलेला आणि १ मधल्या लिंकचा. पुणे-१ वर कुठेही डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट लिहायची गरज नाही, स्टबमध्ये डिफॉल्ट आपोआप येतो. आणि तो टाइप ३ म्हणून येतो म्हणूनच आयए दिसतंय.

आता साताऱ्याला कोल्हापूरच्या लॅनचा वेगळा रूट असून उपयोग काय, जायचं पुण्यावरूनच. म्हणून पुणे-१ वर

राउटर ओएसपीएफ १
एरिया १० स्टब नो-समरी

नो-समरी फक्त एबीआरवर लावायचं. साताऱ्यावर साधं एरिया १० स्टब तसंच राहू दे, तिथे नो-समरी लिहिलं तरी काही बिघडत नाही आणि काही होतही नाही, कारण टाइप ३ आत सोडायचं काम एबीआरचंच आहे. पण उद्या कोणी कॉन्फिग वाचेल आणि हा राउटर एबीआर आहे असं समजून बसेल, म्हणून नकोच. एरियात दोन एबीआर असतील तर मात्र नो-समरी दोन्हीवर लावा, एकावरच लावलं तर दुसरा बिनधास्त सगळे टाइप ३ आत ओतत राहतो, आणि आतला राउटर जास्त नेमका रूट मिळतोय म्हणून सगळा ट्रॅफिक त्याच्याकडेच पाठवतो. हे लवकर लक्षात येत नाही कारण काहीच बंद पडत नाही, फक्त एक लिंक भरून वाहते आणि दुसरी रिकामी.

दोन एबीआरपैकी एक मेन आणि एक बॅकअप ठेवायचा असेल तर डिफॉल्टची कॉस्ट बदला. मेनवर

एरिया १० डिफॉल्ट-कॉस्ट १०

बॅकअपवर

एरिया १० डिफॉल्ट-कॉस्ट १००

आता एक गोष्ट जी गाइडमध्ये सहसा नसते. एबीआर आतल्या लोकांना "माझ्याकडे या" म्हणून डिफॉल्ट देतो तो स्वतः एबीआर आहे म्हणून, त्याच्याकडे बाहेर जायला खरंच वाट आहे का ते तो तपासत नाही. सिस्कोच्या हिशोबाने एरिया ० मधला एक इंटरफेस जरी अप असला तरी राउटर एबीआरच राहतो, आणि लूपबॅक कधी डाउन होत नाही. म्हणजे लूपबॅक एरिया ० मध्ये आहे, खरी एरिया ० ची लिंक तुटलीय, आणि हा पठ्ठ्या अजूनही साताऱ्याला डिफॉल्ट देतोय, सगळा ट्रॅफिक खड्ड्यात. उपाय साधा आहे, दोन एबीआरच्या मध्ये एरिया ० ची थेट लिंक टाका, म्हणजे एकाची वरची लिंक गेली तरी दुसऱ्याकडून वाट मिळते. फायबर नसेल तर निदान त्या दोघांमधल्या स्विचवर एक वेगळा व्हीलॅन तरी.

चालू नेटवर्कवर बदल करताना

इथे थोडं थांबू, कारण लॅबमध्ये सगळ्यांना जमतं आणि प्रॉडक्शनवर इथेच गंडतं. एरिया १० स्टब ही ओळ एंटर केली की त्या एरियातले त्या राउटरचे सगळे नेबर त्याच क्षणी पडतात, लॉगमध्ये "फ्रॉम फुल टू डाउन, नेबर डाउन : अॅडजेसन्सी फोर्स्ड टू रीसेट" असं येतं. दोन्ही बाजूंना स्टब लागेपर्यंत ते परत येत नाहीत. त्यामुळे हे काम मेंटेनन्स विंडोमध्येच, दुपारी जेवायच्या सुट्टीत पटकन करून टाकू असं नाही.

क्रम असा ठेवा : लांबचा आधी, जवळचा नंतर. तुम्ही पुण्यात बसून साताऱ्याच्या राउटरवर एसएसएच केलंय, तर आधी साताऱ्यावर स्टब लावा, सेशन अडकेल, अडकू दे, मग पुणे-१ वर स्टब लावा, नेबर परत येईल. उलटं केलंत, म्हणजे आधी पुणे-१ वर लावलंत, तर सातारा तुमच्या हातातून गेला आणि त्याच्यावर ती ओळ टाकणार कोण, मग साताऱ्यातल्या कोणाला तरी रात्री अकराला कन्सोल केबल घेऊन उभं करा.

तसं झालंच तरी एक पळवाट आहे. पुणे-१ आणि सातारा यांच्यात थेट लिंक आहे, त्यामुळे पुणे-१ वर लॉगिन करून तिथून १०.१०.०.२ ला एसएसएच करता येतं, कनेक्टेड नेटवर्कला ओएसपीएफची गरज नसते. एरियात एकामागे एक तीन-चार राउटर असतील तर एकातून पुढच्यात अशी उडी मारत जाता येतं. पण साताऱ्यावर एसएसएचला अॅक्सेस लिस्ट लावलेली असेल आणि त्यात फक्त मॅनेजमेंट सबनेटच असेल तर ही पळवाटही बंद, म्हणून काम सुरू करायच्या आधीच पुणे-१ वरून साताऱ्यात जाता येतंय का ते एकदा बघून घ्या.

आणि लांबच्या राउटरवर काही टाकायच्या आधी

रीलोड इन १०

मारून ठेवा. कॉन्फिग सेव्ह करू का विचारलं तर बदल करायच्या आधीच काय ते करा, नंतर नाही. दहा मिनिटांत सगळं जुळलं तर रीलोड कॅन्सल आणि मग राइट मेमरी. नाही जुळलं तर राउटर स्वतः रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो आणि तुम्ही पुणे-१ वरची ओळ काढून टाकली की सगळं पूर्ववत. तेवढा वेळ पुणे-१ ची कॉन्फिगही सेव्ह करू नका.

कोल्हापूर : एनएसएसए

कोल्हापूरला व्हेंडरचा १७२.२०.०.०/१६ ओएसपीएफमध्ये आणायचाय. एरिया २० साधा स्टब केला असता तर रीडिस्ट्रिब्यूट लिहिता आलं असतं पण उपयोग शून्य, राउटर लॉगमध्ये कुरकुर करतो की तू एएसबीआर आहेस आणि तुझा एकमेव एरिया स्टब आहे, आणि रूट कुठेच जात नाही. या अडचणीसाठीच एनएसएसए आला, १९९४ च्या आरएफसी १५८७ मध्ये, आणि नंतर २००३ मध्ये आरएफसी ३१०१ ने तो सुधारून घेतला.

कोल्हापूरवर

राउटर ओएसपीएफ १
एरिया २० एनएसएसए
रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक सबनेट्स

पुणे-१ वर

राउटर ओएसपीएफ १
एरिया २० एनएसएसए

आधी एरिया २० साधा स्टब असेल तर दोन्हीकडे आधी नो एरिया २० स्टब करा, मग एनएसएसए लावा. इथेही तोच नियम, एरियातल्या सगळ्या राउटरवर. हॅलोमध्ये ई-बिट ० आणि त्याशिवाय एन-बिट १ असतो, एका बाजूला स्टब आणि दुसऱ्या बाजूला एनएसएसए असेल तरी नेबर येणार नाही. सबनेट्स हा शब्द जुन्या आयओएसवर विसरलात तर फक्त क्लासफुल नेटवर्क जातात, १७२.२०.०.०/१६ निघून जाईल पण उद्या कोणी /२४ टाकला की तो जाणार नाही, म्हणून लिहायची सवयच ठेवा.

आता नेबर फुल झाला, पुणे-२ वर १७२.२०.०.०/१६ दिसतोय, सगळे खूश, आणि कोल्हापूरवाल्यांचा फोन येतो की इंटरनेट बंद. बघायला गेलं तर कोल्हापूरवर डिफॉल्टच नाही. साध्या एनएसएसएमध्ये सिस्कोचा एबीआर डिफॉल्ट आपोआप देत नाही, स्टबमध्ये देतो, टोटली स्टबीमध्ये देतो, टोटली एनएसएसएमध्येही देतो, फक्त याच एका प्रकारात नाही. इथे सगळेच एकदा तरी अडकतात. टाइप ५ बंद केलेत म्हणजे पुणे-२ ने ओतलेला डिफॉल्टही बंद झाला, आणि बदल्यात काहीच आलं नाही. मग पुणे-१ वर यापैकी एक :

एरिया २० एनएसएसए डिफॉल्ट-इन्फर्मेशन-ओरिजिनेट

किंवा

एरिया २० एनएसएसए नो-समरी

पहिल्यात डिफॉल्ट टाइप ७ म्हणून येतो आणि कोल्हापूरवर ओ*एन२ दिसतो, बाकीचे ओ आयए तसेच राहतात. दुसऱ्यात डिफॉल्ट टाइप ३ म्हणून येतो, ओ*आयए दिसतो, आणि बाकीचे ओ आयए जातात. आपल्या कोल्हापूरला एबीआर एकच आहे त्यामुळे मी दुसरं घेईन, टेबलही छोटं आणि ओळही छोटी.

टाइप ७ पुण्यात पोचतो कसा

कोल्हापूरने रीडिस्ट्रिब्यूट केलेला रूट एरिया २० मध्ये टाइप ७ म्हणून फिरतो. टाइप ७ एरिया ० मध्ये जाऊ शकत नाही, म्हणून पुणे-१ त्याचा टाइप ५ बनवून पुढे सोडतो. पुणे-२ वर तो नेहमीसारखाच ओ ई२ दिसतो, कॉस्ट २०, कारण रीडिस्ट्रिब्यूटचा डिफॉल्ट मेट्रिक २० असतो आणि ई२ मध्ये मधल्या लिंकची कॉस्ट मिळवली जात नाही.

पुणे-१ वर शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस एनएसएसए-एक्स्टर्नल मारा आणि १७२.२०.०.० च्या एंट्रीत दोन ओळी नीट वाचा. ऑप्शन्सच्या ओळीत "टाइप ७/५ ट्रान्सलेशन" असेल तर पी-बिट लागलेला आहे आणि एबीआर त्याचा टाइप ५ करणार. "नो टाइप ७/५ ट्रान्सलेशन" असेल तर तो रूट एरियातच राहणार, एबीआरने स्वतः आत सोडलेल्या डिफॉल्टवर असंच दिसतं आणि ते बरोबर आहे, नाहीतर तोच डिफॉल्ट फिरून एरिया ० मध्ये आला असता.

दुसरी ओळ फॉरवर्ड अॅड्रेस. आपल्याकडे तिथे १०.२०.२५५.१ दिसेल, कोल्हापूरचा लूपबॅक, कारण तो एरिया २० मध्ये नेटवर्क स्टेटमेंटने घेतलेला आहे आणि राउटर शक्यतो लूपबॅकच निवडतो. पुणे-१ टाइप ५ बनवताना हा पत्ता तसाच पुढे देतो. याचा अर्थ, पुणे-२ ला १७२.२०.०.० कडे जायचं असेल तर तो "टाइप ५ कोणी बनवला" हे बघत नाही, "१०.२०.२५५.१ कडे कसं जायचं" हे बघतो. दोन एबीआर असले की याचं महत्त्व कळतं. दोघांपैकी ज्याचा राउटर-आयडी मोठा तोच सातचा पाच करतो, दुसरा गप्प बसतो, पण ट्रॅफिक मात्र जो जवळचा असेल त्याच्याकडून जातो कारण वाट फॉरवर्ड अॅड्रेसप्रमाणे ठरते. त्यामुळे शो आयपी ओएसपीएफमध्ये एकाच एबीआरवर "परफॉर्म टाइप-७/टाइप-५ एलएसए ट्रान्सलेशन" दिसलं म्हणून घाबरू नका, तसंच असायला हवं.

आणि इथेच ती भानगड आहे ज्यात माणूस तासन् तास घालवतो. पुणे-२ च्या डेटाबेसमध्ये टाइप ५ आहे, पण रूट टेबलमध्ये रूट नाही. नेबर फुल, कोणी फिल्टर लावलेला दिसत नाही. तेव्हा पुणे-२ वर शो आयपी रूट १०.२०.२५५.१ मारा. फॉरवर्ड अॅड्रेसकडे जाणारा रूट ओएसपीएफचा आतला हवा, म्हणजे ओ किंवा ओ आयए. तो नसेल, किंवा तिथे स्टॅटिक नाहीतर ओ ई२ लागत असेल, तर टाइप ५ वापरला जात नाही. बहुतेक वेळा कोणीतरी पुणे-१ वर एरिया २० रेंज लिहून शेवटी नॉट-अॅडव्हर्टाइज जोडलेलं असतं, किंवा "लूपबॅक बाहेर कशाला दाखवायचे" म्हणून टाइप ३ वर फिल्टर-लिस्ट टाकलेली असते. लूपबॅक मोकळा सोडा, किंवा ते खरंच लपवायचे असतील तर पुणे-१ वर

एरिया २० एनएसएसए ट्रान्सलेट टाइप७ सप्रेस-एफए

लावा, म्हणजे टाइप ५ मध्ये फॉरवर्ड अॅड्रेस ०.०.०.० जातो आणि पुणे-२ सरळ पुणे-१ कडे पॅकेट पाठवतो. एबीआर एकच असेल तर यात काही तोटा नाही. दोन असतील तर वर सांगितलेला जवळच्या वाटेचा फायदा जातो, तेव्हा विचार करून.

व्हेंडरकडे एकाऐवजी पन्नास छोटे रूट असतील तर पुणे-१ वर समरी-अॅड्रेस १७२.२०.०.० २५५.२५५.०.० लिहिलं की एरिया ० मध्ये एकच टाइप ५ जातो, एरिया-रेंज इथे चालत नाही, ती टाइप ३ साठी.

अजून एक. पुणे-१ स्वतःही काही रीडिस्ट्रिब्यूट करत असेल, समजा त्याच्यावर काही स्टॅटिक आहेत, तर तो ते एरिया ० मध्ये टाइप ५ म्हणून आणि एरिया २० मध्ये टाइप ७ म्हणून असे दोन्हीकडे सोडतो. म्हणजे आपण दारातून बाहेर काढलेले रूट खिडकीतून परत आत. नो-समरी याला अडवत नाही कारण हे टाइप ३ नाहीत. त्यासाठी

एरिया २० एनएसएसए नो-रीडिस्ट्रिब्यूशन नो-समरी

असं एकाच ओळीत दोन्ही. हे फक्त रीडिस्ट्रिब्यूट करणाऱ्या एबीआरवरच, कोल्हापूरवर नो-रीडिस्ट्रिब्यूशन लिहून ठेवू नका.

तपासताना

शो आयपी ओएसपीएफ मारून एरियाचा भाग वाचा, "इट इज अ स्टब एरिया", नो-समरी असेल तर पुढे "नो समरी एलएसए इन धिस एरिया", एनएसएसए असेल तर तसं. मग शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस डेटाबेस-समरी, यात प्रत्येक एरियात कुठल्या टाइपचे किती एलएसए आहेत त्याचा हिशोब येतो, टोटली स्टबी एरियात आतल्या राउटरवर समरी नेटवर्कसमोर १ आणि टाइप ५ समोर ० दिसायला हवं. एबीआर दोन असतील तर समरीसमोर २, दोघांचा एकेक डिफॉल्ट. त्याहून जास्त दिसले तर एका एबीआरवर नो-समरी राहिलंय. शेवटी ब्रांचवरून ट्रेसरूट, आणि तोही पुण्याच्या पुढच्या एखाद्या पत्त्यावर, फक्त पुणे-१ ला पिंग करून काम झालं म्हणू नका.

दुसऱ्या कंपन्यांचे डबे मिसळलेले असतील तर

एफआरआरमध्ये (लिनक्सवर चालणारं मोफत राउटिंग सॉफ्टवेअर) वाक्यरचना जवळपास सिस्कोसारखीच आहे, त्याला फार काही शिकावं लागत नाही. मायक्रोटिकवर एरियाचाच टाइप स्टब किंवा एनएसएसए असा निवडायचा असतो. जुनिपरवर मात्र सवय बदलावी लागते, तिथे स्टब लावला तरी एबीआर डिफॉल्ट देत नाही, डिफॉल्ट-मेट्रिक लिहिला तरच देतो :

सेट प्रोटोकॉल्स ओएसपीएफ एरिया ०.०.०.१० स्टब डिफॉल्ट-मेट्रिक १० नो-समरीज

एनएसएसएसाठी तिथे डिफॉल्ट-एलएसए डिफॉल्ट-मेट्रिक असं लिहितात. नो-समरीज असेल तर तो डिफॉल्ट टाइप ३ म्हणून जातो, टाइप ७ च हवा असेल तर डिफॉल्ट-एलएसएखाली टाइप-७ वेगळं जोडावं लागतं. म्हणजे एबीआर जुनिपरचा आणि ब्रांच सिस्कोची असेल तर नेबर मस्त फुल होतो आणि ब्रांचवर डिफॉल्ट नसतो, कारण सिस्कोवाल्याने गृहीत धरलेलं असतं की तो आपोआप येतो. एरियाचा नंबर एकीकडे १० आणि दुसरीकडे ०.०.०.१० असा लिहिलेला दिसला तरी तो एकच आहे, पण १०.०.०.० वेगळा, तिथे घाई करू नका.

आयपीव्ही६ साठी ओएसपीएफव्ही३ चालवत असाल तर स्टब आणि एनएसएसए तिथेही आहेत आणि कमांडही त्याच, फक्त त्या आयपीव्ही६ च्या राउटर प्रोसेसखाली वेगळ्या लिहाव्या लागतात, व्ही२ मध्ये लिहिलं म्हणून व्ही३ मध्ये आपोआप लागत नाही. आयपीव्ही४ ला स्टब आणि आयपीव्ही६ ला नॉर्मल असं अर्धवट ठेवलंत तर ब्रांचवर शो आयपीव्ही६ रूट मारल्यावर परत तीच लांबलचक लिस्ट.